सौम्य व्यायाम, मधुमेही वृद्धांचा (अकोट व वऱ्हाड)

साठी ओलांडलेल्या मधुमेही माणसाने सांधे, हृदय, डोळे आणि पाय यांना इजा न होऊ देता नियमित करायची हालचाल. चालणे, खुर्चीवरून उठबस, हलके वजन उचलणे, तोल सांभाळण्याचा सराव आणि सावकाश केलेली आसने यात येतात. हा व्यायाम आहार आणि औषधांइतकाच उपचाराचा भाग आहे. तो त्यांना पर्याय नाही.

वऱ्हाडाला व्यायामाची थोर परंपरा आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके केली. मात्र व्यायाम म्हणजे आखाडा आणि आखाडा म्हणजे तरुणांचा, ही समजूतही इथे पक्की झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला अकोट तालुका कापसाचा. डवरणी, निंदण, वेचणी यांत उभा जन्म गेलेल्यांना ‘आता वेगळा व्यायाम कशाला?’ असे वाटते. पण शेत मुलांच्या हाती गेले की अंगमेहनत एकदम थांबते आणि भाकरी मात्र तेवढ्याच राहतात. पूर्वी केलेले कष्ट आजच्या साखरेला उपयोगी पडत नाहीत.

याचे कारण स्नायूंच्या कामात आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लुट-४ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि रक्तातील ग्लुकोज इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत घेते. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही सुधारतो, पण हा परिणाम फार तर तीन दिवस टिकतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली. पासष्टीपुढे तोल आणि ताकद यांचा सराव आठवड्यातून तीन दिवस त्यात जोडला. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत दम लागला म्हणजे श्रम मध्यम समजावेत. १५० मिनिटे एकदम गाठायची नसतात. न्यूझीलंडमधील २०१६ च्या एका अभ्यासात दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. जेवून लगेच बाजेवर आडवे होण्याची सवय मोडण्यास एवढे कारण पुरे आहे.

वऱ्हाडात सर्वाधिक जपायचे ते पाय. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना मंदावते. काटा, खडा, चटका कळत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, डांबर त्याहून खूप तापते आणि अनवाणी पायाला फोड येऊनही दुखत नाही. अशी जखम चिघळली तर बोट किंवा पाय काढण्याची वेळ येते. शेगावला पायदळ वारीने जाणाऱ्यांत वयस्क मंडळी पुष्कळ असतात. श्रद्धा मोलाची आहेच. तरी पायांना मुंग्या येणाऱ्या किंवा बधिरपणा जाणवणाऱ्या मधुमेही भक्ताने अनवाणी चालू नये. मऊ तळाचे बंद बूट आणि सुती मोजे घालावेत, बुटात हात घालून खडा तपासावा, परत आल्यावर तळवे आरशात पाहावेत. वाकता येत नसेल तर घरातल्या कोणीतरी पाहावेत. बरी न झालेली जखम असेल तोवर चालणे बंद ठेवून बसून व्यायाम करावा.

उन्हाळ्यात लोक पहाटे चहा घेऊन फिरायला निघतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर अशा वेळी घसरू शकते. निघण्यापूर्वी ती ९० मिलीग्रॅमच्या खाली असेल तर थोडे खाऊन निघावे. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. घाम, थरथर, गोंधळ जाणवला की थांबून ते खावे. रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी छातीची धडधड आणि थरथर झाकली जाते, हे घरच्यांनाही ठाऊक असावे. मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखताही येतो. एरवीच्या चालण्यात नवा दम लागला तर आधी डॉक्टरांना दाखवावे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढलेल्यांनी जड ओझे, श्वास रोखणे आणि डोके खाली जाणारी आसने टाळावीत.

गुडघे दुखत असतील तर भिंतीला टेकवलेली न घसरणारी खुर्ची घ्यावी. तिच्यावरून पाच वेळा उठावे-बसावे, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलाव्यात, एक लिटर पाण्याची भरलेली बाटली कोपरातून वर-खाली करावी. आठवडाभर हे सोपे वाटले की पाचाचे आठ करावेत. दुसऱ्या दिवशीही सांधा दुखत राहिला तर पुन्हा पाचावर यावे.