बोरघाटातील मजुरांच्या वस्त्या आणि आमच्या घरचे एक पान

गेल्या नाताळच्या सुटीत आमचा पंधरा वर्षांचा नातू कॅलिफोर्नियाहून भोरास आला, तो एक प्रश्न घेऊनच. “आजोबा, भोर घाटातल्या रेल्वेचे काम आपल्याच गावाजवळ झाले ना? मग तिथल्या मजुरांची छावणी कोठे होती?” इंग्रजी लेखनात या घाटाचे नाव ‘भोर’ असे पडलेले आहे, व त्यामुळे जाणती माणसेही फसतात. वस्तुतः तो बोरघाट. खोपोली व खंडाळा यांच्या मधला. आपल्या भोरावरून महाडाकडे उतरतो तो वरंध घाट, आणि वेल्ह्याकडील मढे घाट म्हणजे तर जुनी पाऊलवाट. तेव्हा “त्या घाटाशी आपला काही संबंध नाही,” असे आम्ही त्यास सांगू लागलो. परंतु वाक्य पुरे करवेना.

कारण असे की, आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येस एक पान अधिक वाढले जाते. आमच्या आजोबांच्या आजोबांचे थोरले बंधू ‘आगगाडीच्या घाटावर’ कामास गेले, ते परत आले नाहीत. त्यांचे ते पान. आमची आजी त्यांस ‘घाटातले आजोबा’ म्हणे. नाव कोणासच ठाऊक नाही. आम्ही आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, सनावळ्या घोकून घेतल्या, पण घरच्या या पानाची चौकशी करण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. नातवाच्या प्रश्नाने ते सुचले.

त्यास हा प्रश्न पडला तो एका खेळामुळे. या खेळास जिओकॅशिंग म्हणतात. एखाद्या ठिकाणी कोणी लहानशी डबी लपवून ठेवतो, तीत नोंदवही असते, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतरांनी उपग्रहांच्या साह्याने ती जागा शोधावी, वहीत नाव लिहावे व डबी होती तशी ठेवावी. अमेरिकेच्या सरकारने उपग्रहांच्या संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, आणि एक-दोन दिवसांतच ऑरेगन राज्यात पहिली डबी ठेवली गेली. आमच्या वेळच्या ‘खजिन्याच्या शोधा’चेच हे नवे रूप होय. मुले फोन सोडून डोंगर चढतात, एवढ्यावरूनही आम्हांस तो खेळ पसंत पडला.

अशाच एका डबीच्या मागे आमचा नातू सिएरा नेवाडा पर्वतात डॉनर खिंडीवर गेला होता. तेथे १८६५ ते १८६९ या काळात सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे बोगदे चिनी मजुरांनी खोदले. त्यांच्या वस्तीच्या जागी भाताच्या वाडग्यांचे तुकडे सापडत, आणि हौशी लोक ते उचलून नेत. आता तसे करणे कायद्याने गुन्हा आहे. नातवाच्या मनात राहिली ती एक निराळीच गोष्ट. रेल्वेच्या पगारपत्रकांत बहुधा टोळीच्या म्होरक्याचे नाव आढळते, हाताखालच्या माणसांची नावे आढळत नाहीत.

आपल्याकडील प्रकार याहून फार वेगळा नव्हता. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, तरी दख्खनवर येण्यास सह्याद्रीची भिंत आडवी होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांनी बोरघाटाची आखणी केली, व १८५६ च्या जानेवारीत फॅविएल नावाच्या कंत्राटदाराने काम सुरू केले. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढण, काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट. २५ बोगदे, ८ मोठे पूल. कातळ काळा व अत्यंत कठीण. कड्यांवर पाय ठेवण्यास जागा नसे, तेथे माणसे दोरांनी लोंबकळत पहारेने सुरुंगाची भोके पाडीत. खालचा राडारोडा स्त्रिया व मुले टोपल्यांतून वाहत. १८६१ च्या सुमारास या कामावर ४२,००० माणसे होती. एवढी लोकसंख्या त्या काळी किती शहरांस असेल, याचा वाचकांनीच विचार करावा. आणि हे शहर राहत होते गवताच्या झोपड्यांत, डोंगराच्या उतारावर, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई सोशीत. पटकीची साथ येई तेव्हा वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होत. काही मरणाने, काही पळून जाण्याने.

मुकादम आपल्या भागातली माणसे टोळीने आणी, आणि मजुरी त्याच्या अथवा पोटकंत्राटदाराच्या हातून मिळे. ती उशिरा मिळे व पुष्कळदा कमी मिळे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीसाठी मजूर खवळले व देखरेखीवरील युरोपियनांवर चालून गेले. मार्चमध्ये फॅविएलने कंत्राट सोडले. रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने त्वरित निकालात काढावेत, असा कायदा पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६० साली झाला. शाळेच्या पुस्तकांत या दंग्याचे अवाक्षर आम्ही कधी पाहिले नाही. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ च्या वर्षअखेर, येथे आल्यावर थोड्याच काळात वारला, व त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालविले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला.

पुणे ते खंडाळा रूळ जून १८५८ मध्येच पडले होते. भोर-वेल्ह्याचा माणूस पुण्यापर्यंत चालत गेला, की पुढे गाडी होती. रोख पैशाची मजुरी त्या काळी खेड्यात दुर्मिळ. आमचे घाटातले आजोबा या वाटेने गेले असावेत, असे आम्ही मनाशी धरले आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे खंडाळ्यास गेलो. नातवाने डबी आणली होती. गाडीची दिशा उलट करून इंजिन दुसऱ्या टोकास लावीत, ते जुने रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ साली नव्या मार्गामुळे बंद पडले. डबी त्याच्या आसपास ठेवावी असा त्याचा बेत. आम्ही हरकत घेतली. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे, आणि खेळाच्या नियमांतही जागेच्या मालकाची संमती लागते व जमीन खोदण्यास मनाई आहे. थोडा रुसला, पण ऐकले. डबी न ठेवता, जागेवर जाऊन प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे, असाही या खेळाचा एक प्रकार आहे म्हणे.

वस्तीची खूण अर्थातच कोठे दिसली नाही. गवताच्या झोपडीची खूण एका पावसापलीकडे टिकत नाही. मात्र जुन्या सडकेच्या कडेस एका कातळात हातभर लांबीचा, अर्धगोल, सरळ चर दिसला. सुरुंगाच्या भोकाचा तो उरलेला अर्धा भाग. सडक १८३० ची, रूळ त्यानंतरचे. पण पहार दोन्ही कामांत तीच व हातही तसलेच. नातवाने त्या चरात बोट घालून वरपासून खालपर्यंत फिरविले आणि विचारले, “आजोबा, हे एक भोक पाडायला किती वेळ लागत असेल?” आम्हांस उत्तर देता आले नाही. हाच आपला प्रश्न, असे म्हणून त्याने तो लिहून घेतला.

आता ज्ञातिबांधवांस एक विनंती. भोर व वेल्हे भागांतील ज्या घरांत घाटावर, धरणावर किंवा रुळांच्या कामावर गेलेल्या पूर्वजांची आठवण सांगितली जाते, अथवा ज्यांच्या घरी असेच एखादे जादा पान वाढले जाते, त्यांनी ती हकिकत मंडळाच्या चिटणीसांकडे लिहून द्यावी. नाव आठवत नसल्यास गाव व नाते लिहावे. त्र्यंबकेश्वरी जाणे झाल्यास तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील आपल्या कुळाची नामावळी अवश्य पाहावी. आम्ही माघात जाणार आहोत. आमच्या घरची नोंद वहीत पहिली लिहिली असून नावाची जागा तूर्त मोकळी ठेविली आहे.