हॉलमधला मोठा टीव्ही

आपल्या हॉलमागच्या खोलीत, सतरंज्या आणि गणपतीच्या मखराशेजारी, एक कपाटाएवढा टीव्ही चादर पांघरून उभा आहे. नवीन राहायला आलेल्यांना ते कपाटच वाटते. गेल्या सर्वसाधारण सभेत तो काढून टाकण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधात हात वर करणारा मी एकटा. "जुनी वस्तू आहे, पुढे किंमत येईल," असे बोलून गेलो. एका तरुण सभासदाने विचारले, "काका, घेणार कोण?" बँकेत तारणाची किंमत ठरवण्यात माझा जन्म गेला, पण याचे उत्तर नव्हते. मग घरी जाऊन वाचायला बसलो.

टीव्हीची काचेची नळी फार मोठी करता येत नसे. काच जाड होई आणि वजन अवाढव्य. म्हणून छोट्या नळीवर अतिशय प्रखर चित्र काढायचे आणि आरसे-भिंगांनी मोठे करून पडद्यावर टाकायचे, ही युक्ती. १९४७ साली अमेरिकेत आरसीएने असा घरगुती संच काढला. आतली नळी अवघी ५ इंचांची! तिच्यापुढची आरशाची रचना मूळची दुर्बिणीची. हॅम्बुर्गच्या वेधशाळेत बर्नहार्ड श्मिट यांनी आकाशाचे फोटो घेण्यासाठी १९३० च्या सुमारास ती केली होती. पुढे सत्तरच्या दशकात हेन्री क्लॉस यांच्या अॅडव्हेंट कंपनीने लाल, हिरवी, निळी अशा तीन नळ्या लावून ७ फुटी पडद्यावर रंगीत चित्र दाखवले. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला, तेही कृष्णधवल. रंग बघायला आपल्याला १९८२ उजाडले. असे पहिले संच कोणी जपून ठेवत असेल, तर त्याला मी शहाणाच म्हणेन.

आपला टीव्ही त्याच घराण्यातला, पण शेवटच्या पिढीतला. २००३ च्या विश्वचषकासाठी ४८ घरांनी प्रत्येकी १,५०० रुपये काढून घेतलेला, ४३ इंची. बाजूला बसले की चित्र काळवंडे, त्यामुळे मधल्या सतरंजीवरून भांडणे होत. १ मार्चला सेंच्युरियनला सचिनने पाकिस्तानविरुद्ध ९८ केले, तेव्हा लोक खिडकीत उभे होते. २३ मार्चला फायनल १२५ धावांनी हरलो, तेव्हा टीव्ही बंद करायलाही कोणी उठेना.

या यंत्राचे दुखणे त्याच्या रचनेतच आहे. तीन नळ्यांची तीन चित्रे तंतोतंत एकमेकांवर बसली नाहीत, तर खेळाडूला लाल-निळी सावली दिसते. नळी आणि भिंगामध्ये थंडाव्यासाठी द्रव असतो, तो वर्षांनी गढूळ होतो. एकच चॅनल सतत लावले की त्याचे बोधचिन्ह नळीवर कायमचे उमटते. जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन आज साधे नळीचे टीव्ही शोधत फिरतात, पण याला हात लावत नाहीत. कारण तेच, स्कोअरचे आकडे पडद्यावर राहून जातात. सपाट टीव्ही स्वस्त झाले आणि एकेक कंपनी बाहेर पडली. मित्सुबिशी तेवढी २०१२ पर्यंत टिकून होती. नव्या नळ्या आता आणायच्या कुठून? आपल्या हिशेबवहीत त्याची किंमत १ रुपया दाखवली आहे. बाजारभावही साधारण तेवढाच समजा.

हात वर करण्याचे खरे कारण वेगळे होते. सी विंगमधले आपले पहिले खजिनदार, आता नाहीत, प्रत्येक मॅचच्या आदल्या रात्री पडद्यावर फुल्यांची जाळी आणून रिमोटने लाल फुली हिरवीवर, मग निळी दोन्हींवर बसवत बसायचे. तासभर लागे. मी शेजारी चहा घेऊन बसायचो आणि लांबून सांगायचो, "अजून जरा डावीकडे."

तेव्हा माझा विरोध मी मागे घेतो. मात्र तो नेहमीच्या भंगारवाल्याला देऊ नये. नळ्यांच्या काचेत शिसे असते आणि तो त्या फोडणार. ई-कचऱ्याची नोंदणी असलेल्यालाच बोलवावे. आणि मागची फळी उघडली की आतल्या बाजूला खजिनदारांच्या अक्षरातला जुळणीच्या आकड्यांचा कागद चिकटवलेला आहे. तो मी काढून घेणार आहे. कमिटीने फाइलला लावला तर उत्तम, नाहीतर माझ्याकडे राहील.