‘फिरायला’ जाण्याचा इतिहास: मुंबई, पुणे आणि एकट्या माणसांची शहरं



आजच्या विषयावर काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. मागच्या वेळी एका तरुण श्रोत्यानं मला सरळच विचारलं होतं, “सर, महाराष्ट्रात लग्नाचा विचार डोक्यात नसलेल्या एकट्या मुलामुलींसाठी, नुसतं भेटायला, डेटिंग करायला, सगळ्यात चांगलं शहर कुठलं?” हशा झाला. पण घरी गेल्यावर वाटलं, प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मी इतिहासाचा माणूस, तेव्हा तो जरा फिरवून घेतो. दोन अनोळखी तरुण माणसं भेटतात, बोलतात, पटलं तर पुन्हा भेटतात, नाही पटलं तर आपापल्या वाटेनं जातात. एवढं घडायला शहरात काय काय असावं लागतं? आणि आपल्याकडे ते केव्हा आलं?

आधी शब्द बघा. ‘डेटिंग’ला मराठीत शब्द नाही असं म्हणतात. शब्द आहेत की! ‘लफडं’, ‘भानगड’, ‘प्रकरण’. जरा सौम्य हवा असेल तर ‘त्यांचं जमलंय’. म्हणजे एक तर गुन्हा, नाहीतर लग्नाची पहिली पायरी. मधलं काही नाही. त्यातल्या त्यात ‘ती दोघं फिरतात’ हा एक शब्द बरा. त्यात निकाल नाही, नुसती चाल आहे. म्हणून मी आज ‘फिरणं’ हाच शब्द वापरणार आहे.

फिरायला सगळ्यात आधी काय लागतं? जागा नाही, पैसा नाही. वय लागतं! बालपण संपलंय आणि लग्न झालेलं नाही, असा काही वर्षांचा मोकळा काळ आयुष्यात असावा लागतो. आपल्या पणजीच्या आयुष्यात तो नव्हताच. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, तेव्हा वय दहावरून बारा केलं. बारा! आणि तेवढ्यावरून पुण्यात केवढं रण माजलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या थोडं आधी मुंबईत रखमाबाईंचा खटला झाला. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं ही बाई म्हणाली. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी तडजोड झाली आणि त्या पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. मी हे का सांगतोय? ‘हा माणूस मला नको’ एवढं एक वाक्य बोलायला एका बाईला किती किंमत मोजावी लागली, ते लक्षात ठेवा. आपण शेवटी याच वाक्याकडे परत येणार आहोत.

पुढे १९२९ चा सारडा कायदा आला. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. आणि १९७८ मध्ये अठरा आणि एकवीस. कायदा कागदावर असतो आणि समाज त्याच्या मागून रखडत येतो, हे खरंच. पण शिक्षण, नोकरी आणि कायदा तिन्ही मिळून हा मधला काळ हळूहळू रुंद झाला. त्या रुंदीत फिरणं शिरलं.

आता मुंबईकडे या. मुंबई हे एकट्यांचं शहर आहे, असं आपण म्हणतो. पण कोण एकटे? १९२१ च्या जनगणनेत मुंबईत बायकांची संख्या पुरुषांच्या जेमतेम निम्मी होती. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेला हा चाकरमानी लग्न झालेलाच असायचा. बायको गावाला, हा इथे एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर, आणि जेवायला खानावळीत. कागदोपत्री विवाहित, रोजच्या जगण्यात एकटा. त्याच्या शहरात बायका होत्या त्या एक तर गिरणीत राबणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या, किंवा कामाठीपुऱ्यात. म्हणजे एकट्यांची गर्दी असली म्हणून शहर भेटीगाठींचं होत नाही. उलट पुरुष इतके जास्त आणि बायका इतक्या कमी असल्या, की एकटी दिसणारी प्रत्येक बाई संशयाची धनी होते. ‘एकटा’ या शब्दाला नुसती कीव येते, ‘एकटी’ला बदनामी चिकटते. हा फरक तिथून आजपर्यंत चालत आलेला आहे.

मग बदल कुठून झाला? शिकलेल्या मुलींकडून. १८८० च्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत होत्या. वर्गात त्या एकट्या मुलगी. पुढच्या पन्नास वर्षांत मुली शिकल्या, शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या, पगार आणू लागल्या. आणि एक नवीनच अडचण उभी राहिली. लग्न लांबलंय, मन तर आहे, पण भेटायचं कुणाला आणि कुठे? १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक आलं, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं लिहिलं म्हणून केवढी खळबळ उडाली! ही विभावरी कोण, याचाच शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. टोपणनाव का घ्यावं लागलं, हे वेगळं सांगायला नको.

त्याच काळात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे होते. अण्णासाहेबांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या पायी कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. स्त्रीलाही कामेच्छा असते, आणि दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं काय करावं यात तिसऱ्यानं पडू नये, हे त्यांचं म्हणणं. आज कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येईल असं. तेव्हा अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण हे दोघं एका बाजूला का होते, हा योगायोग नाही. त्याकडे मी येतोच.

वय आलं, विचार आला. आता जागा. चाळीत राहणाऱ्या माणसाला एकांत म्हणजे काय, हे विचारू नका. १९७० चा ‘मुंबईचा जावई’ आठवा. तिथे तर लग्न झालेल्या जोडप्यालाच खोली मिळत नाही! त्यात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मालकांनी नव्यानं भाड्यानं देणं जवळपास थांबवलं, पागडीशिवाय खोली मिळेना. म्हणून मुंबईचं प्रेम घराबाहेर आलं. इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासभर बसता यायचं, आणि काही ठिकाणी आत ‘फॅमिली रूम’ असायची. पडदा लावलेली. फॅमिली कुणाची, हे वेटर विचारत नसे! मग सिनेमागृहांचा अंधार: रीगल १९३३, मेट्रो आणि इरॉस १९३८. आणि समुद्र बुजवून झालेला मरीन ड्राइव्ह. त्या कठड्यावर आजही जोडपी शहराकडे पाठ करून बसतात. मुंबईनं एकांताचा लावलेला हा शोधच आहे: भिंती नसल्या तर पाठ फिरवायची. पुढे १९६४ ते २०१५ जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘समोवार’ होतं. तिथे किती जणांचं जमलं आणि किती जणांचं शांतपणे मोडलं, कुणी मोजलेलं नाही.

जागेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे परत घरी जाता येणं. मुंबईला लोकल होती, त्यात बायकांचे डबे होते, १९९२ पासून लेडीज स्पेशलही सुरू झाली. बाई रात्री साडेदहाला एकटी घरी जाऊ शकते, हीच या शहराची खरी श्रीमंती. पुण्याकडे हे नव्हतं. पुण्याकडे आधी सायकल होती, मग १९७२ मध्ये लुना आली, १९८४ मध्ये कायनेटिक होंडा. गिअर नाही, साडी किंवा पंजाबी ड्रेसवर चालवता येते. बघा, ज्या मुलीची स्वतःची गाडी आहे तिला सोडायला कुणी यावं लागत नाही, आणि नको असेल तेव्हा तिला उठून निघता येतं. फर्ग्युसन रस्ता, गुडलक, वैशाली, झेड ब्रिज, यांची नावं आपण कौतुकानं घेतो. त्या यादीत लुनाचंही नाव घाला. आणि तोंडाला बांधलेला तो स्कार्फही घाला. तो धुळीसाठी असतो हे खरंच, पण ओळखीचे काका भेटण्याच्या भीतीवरही तो चांगला उपाय आहे.

आता काकांच्या पुढची पायरी: पोलीस. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात कलम ११० आहे, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. असभ्य म्हणजे काय, हे पुष्कळदा समोरचा हवालदार ठरवतो. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले, सुमारे चाळीस जोडप्यांना ठाण्यात नेलं. सज्ञान माणसं, दार लावलेल्या खोलीत होती, आणि कलम लावलं सार्वजनिक जागेचं! टीका झाली, चौकशी लागली. त्याच्या पाच वर्षं आधी, २०१० मध्ये, खुशबू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं होतं की सज्ञान स्त्रीपुरुषांचे लग्नाबाहेरचे राजीखुशीचे संबंध म्हणजे काही गुन्हा होत नाही. पण न्यायालय दिल्लीत आणि ठाणं कोपऱ्यावर. घरी फोन लावण्याची धमकी दंडापेक्षा जड असते, आणि मुलीच्या घरी लावलेला फोन सगळ्यात जड.

समलिंगी माणसांचं तर विचारूच नका. ३७७ कलमाचा फास त्यांच्या गळ्याभोवती २०१८ पर्यंत होता. १९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ निघालं, तेव्हा देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातल्या माणसाला पहिल्यांदा कळलं की आपल्यासारखं आणखी कुणी आहे. भेटीच्या आधी पत्त्याची गरज असते, तो या मासिकानं दिला.

आणि आता जात. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिलं की जातीवरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह. १९४८ मध्ये संविधान सभेत त्यांनी खेड्याचं गुणगान साफ नाकारलं. का? खेड्यात माणसाला आडनाव आधी, मग चेहरा. शहरात निदान पहिल्या चहापुरता तरी चेहरा आधी येतो. फिरणं ही आपण फावल्या वेळातली गोष्ट समजतो, पण जातीबाहेरच्या माणसाशी मोकळेपणानं बोलण्याची पहिली संधी पुष्कळांना इथेच मिळते. अहमदनगर जिल्ह्यात खर्डा इथे २०१४ मध्ये एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, एवढ्यावरून. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ज्या ठिकाणी बोलण्याची किंमत जीव असते, तिथे ‘कॅज्युअल’ हा शब्द उच्चारायलाही अर्थ राहत नाही. आणि मोबाइल आला, ॲप आलं, म्हणून हे पुसलं गेलं असं समजू नका. ॲपवरही आडनाव दिसतंच की.

शेवटाकडे येतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये मुंबईतल्या बायकांच्या रस्त्यावरच्या वावरावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता: बाईला रस्त्यावर काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. हातात पिशवी, कानाला फोन. उगाच उभी राहणारी बाई शहराला चालत नाही. मला वाटतं, आपल्या आजच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

*(श्रोत्यांतून प्रश्न: सर, पण यादी राहिली. पहिला नंबर कुणाचा?)*

सोडणार नाही म्हणता! ठीक आहे. कॅफे किती, पब किती, ॲपवर माणसं किती, यावर यादी कराल तर मुंबई पहिली, पुणे दुसरं, नंतर नागपूर, नाशिक वगैरे. त्यात इतिहासाला बोलण्यासारखं काही नाही. माझी कसोटी वेगळी आहे. रखमाबाईंचं वाक्य आठवा. ज्या शहरात मुलगी एखाद्याला भेटायला जाते, अर्ध्या तासात तिच्या लक्षात येतं की हा माणूस आपल्याला नको, ती तसं सांगते, उठते, स्वतःच्या पैशानं चहाचं बिल देते आणि रात्री एकटी सुखरूप घरी पोचते, आणि दुसऱ्या दिवशी कुणी तिचं नाव घेत नाही, ते शहर पहिलं. या कसोटीवर मुंबईलाही मी पूर्ण मार्क देणार नाही. पण ती वाटेवर आहे. आणि ती वाट अशा मुलींनीच पाडली, ज्या बदनामी सोसून फिरायला गेल्या.

थांबतो.