गिमिक : दिसायला गोंडस, खेळायला महाकठीण!

हिरवा, गोलमटोल, मोठ्या डोळ्यांचा युमेतारो पाहिला की वाटतं, हा तर लहान मुलांचा गेम! प्रत्यक्षात ‘गिमिक’ची गणना फॅमिकॉमवरच्या सर्वांत अवघड गेम्समध्ये होते. ९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून ज्या मशीनवर मारिओ आणि कॉन्ट्राच्या कॅसेट चालायच्या, ती बहुतेक याच जपानी फॅमिकॉमची नक्कल होती.

गोष्ट काय आहे?

एका मुलीला वाढदिवसाला युमेतारो भेट मिळतो. ती त्याचेच लाड करते म्हणून जुनी खेळणी रुसतात आणि तिलाच दुसऱ्या जगात पळवून नेतात. तिला सोडवायला युमेतारो निघतो.

एवढं अवघड काय?

त्याचं मुख्य शस्त्र म्हणजे चांदणी. बटण दाबून धरलं की ती डोक्यावर तयार होते. सोडली की उतारावरून घरंगळते, भिंतीवर आपटून उसळते. नेम चुकला तर ती नाहीशी होईपर्यंत दुसरी मिळत नाही. मात्र, धावत्या चांदणीवर उडी मारून स्वार होता येतं आणि एरवी न पोहोचता येणाऱ्या जागा गाठता येतात.

खरी परीक्षा पुढेच आहे. सहा टप्प्यांमध्ये प्रत्येकी एक खजिना लपवलेला आहे. सहाही मिळवले तरच शेवटचा गुप्त टप्पा उघडतो आणि गोष्टीचा खरा शेवट दिसतो. तोही एकदाही ‘कंटिन्यू’ न वापरता!

मग तो मागे का पडला?

सनसॉफ्ट कंपनीचा हा गेम जपानमध्ये ३१ जानेवारी १९९२ रोजी आला. त्याचे डिझायनर होते तोमोमी साकाई. पण १९९० मध्येच निन्टेंडोचा नवा सुपर फॅमिकॉम बाजारात आला होता आणि लोकांचं लक्ष तिकडे वळलं होतं. १९९३ मध्ये ‘मिस्टर गिमिक’ या नावाने तो स्कँडिनेव्हियात पोहोचला. अमेरिकेत मात्र तेव्हा आलाच नाही.

मासाशी कागेयामा यांच्या संगीतासाठी जपानी कॅसेटमध्ये खास ध्वनी चिप बसवली होती. युरोपीय आवृत्तीत तिचे जादा आवाज गायब झाले. म्हणजे जपानबाहेर ज्या मोजक्या लोकांना गेम मिळाला, त्यांनाही त्याचं संगीत पूर्ण ऐकायला मिळालं नाही.

उशिरा मिळालेला न्याय

पुढे इम्युलेटरमुळे जगभरच्या गेमर्सना ‘गिमिक’चा शोध लागला. २०२३ मध्ये त्याची स्पेशल एडिशन आजच्या कन्सोल आणि कॉम्प्युटरवर आली. चूक झाली की खेळ मागे नेण्याची सोयही तीत आहे. २०२४ मध्ये ‘गिमिक २’ आला. तीन दशकांनंतर मिळालेला हा दुसरा भाग म्हणजे त्या छोट्याशा चांदणीमागच्या मेहनतीची पावतीच!