सोनेरी गाडीचा रुपेरी रंग

काका गेले त्याला आता वर्ष होईल. परवा काकूनं त्यांच्या कपाटातून एक फडक्याची पुरचुंडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत हाताच्या तळव्याएवढी गाडी. कॉर्गीची ॲस्टन मार्टिन डीबी ५, म्हणजे साक्षात जेम्स बाँडची! "तुला यातलं कळतं ना? विकायची म्हटली तर काही येईल का? खरं काय ते सांग," काकू म्हणाली.

मी भिंग घेऊन बसलो.

आधी या गाडीची थोडी कुळकथा. फिलिप उलमन हे न्यूरेंबर्गचे ज्यू खेळणी कारखानदार. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, तेव्हा ते जर्मनी सोडून इंग्लंडला आले आणि नॉर्दॅम्प्टनमध्ये त्यांनी मेटॉय ही कंपनी काढली. तिनेच १९५६ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सीच्या कारखान्यातून 'कॉर्गी' नावाच्या छोट्या गाड्या आणल्या. खिडक्यांना पारदर्शक काचा हे त्यांचं वैशिष्ट्य. तोवर डिंकीच्या गाड्यांच्या खिडक्या मोकळ्याच असत.

१९६४ मध्ये 'गोल्डफिंगर' आला आणि पुढच्याच वर्षी कॉर्गीने ही गाडी बाजारात आणली. घाई इतकी की नवा साचा न करता हाताशी असलेल्या डीबी ४ च्या साच्यातच फेरफार केले. आणि गंमत बघा, सिनेमातली गाडी रुपेरी, कॉर्गीची मात्र सोनेरी! रुपेरी रंग दिला तर गाडी न रंगवलेल्या जस्तासारखी दिसेल अशी भीती कंपनीला वाटली, असं सांगतात. म्हणजे हुबेहूबपणाच्या परीक्षेत ही गाडी पहिल्याच प्रश्नाला नापास. तरीही ती १९६५ सालचं ब्रिटनमधलं सर्वोत्कृष्ट खेळणं ठरली आणि लाखांनी खपली.

आता काकांची गाडी. पहिली तपासणी धातूची. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली तर काही वर्षांनी गाडी फुगते, तडकते, हातात भुगा होतो. युद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी गाड्या अशाच गेल्या. इथे एकही चीर नाही. मग यंत्रणा. बटण दाबलं, पुढून मशिनगन बाहेर आल्या. एग्झॉस्टचा पाइप दाबला, मागे ढाल वर आली. तिसरं बटण दाबल्यावर छप्पर उघडलं, पण सीटवरून उडायला माणूसच नव्हता. हा माणूस हरवणार हे कंपनीलाही ठाऊक होतं. खोक्यात एक जादा माणूस दिलेला असे. इथे तोही नाही, खोकाही नाही.

शेवटी रंग. गाडी रुपेरी होती! थर जाड, ब्रशचे फराटे दिसणारा, दाराच्या कडांच्या रेघा भरून टाकणारा. खिडकीजवळ एक टवका उडाला होता, तिथून आतलं सोनेरी डोकावत होतं.

"अगं, हे त्यांनीच केलंय," काकू म्हणाली. "लहानपणी मामांनी आणून दिली होती, जहाजावर होते ना ते. पुढे कुठल्याशा मॅटिनीला सिनेमा पाहिला आणि घरी आल्यावर म्हणे, चुकीचा रंग दिलाय!" असं सांगताना ती स्वतःशीच हसली. काकांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं.

चुलतभावाचं फोनवर म्हणणं पडलं, वरचा रंग काढून टाकू, खालची सोनेरी मिळेल. पण रंग काढायचं द्रावण काकांचा थर कुठला आणि कंपनीचा कुठला हे ओळखत नाही. दोन्ही जातील. मग उरेल नुसतं जस्त, आणि त्यावर आपण नवा रंग द्यायचा. संग्राहकाच्या लेखी तीही पुन्हा रंगवलेलीच गाडी.

१९६८ मध्ये कॉर्गीने बाँडची नवी ॲस्टन मार्टिन काढली. ती रुपेरी होती. म्हणजे कंपनीने स्वतःची चूक दुरुस्त केली, तशीच काकांनीही त्यांच्या परीने केली होती, घरातल्या एका ब्रशने. मेटॉय १९८३ मध्ये बुडाली. काकाही गेले.

काकूला खरं ते सांगितलं. धातू उत्तम, यंत्रणा उत्तम, रंग वाईट, किंमत फारशी नाही.

"बरं झालं," ती म्हणाली आणि गाडी पुन्हा फडक्यात गुंडाळू लागली.