पाच टनांचा आस

लातूरला आगगाडी आली ती १९११ साली. ती जी.आय.पी. कंपनीची भारदस्त आगगाडी नव्हती. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ती ‘बार्शी लाईट’ होती. तिच्या संथपणाच्या गमती जुन्या लोकांकडून अजूनही ऐकायला मिळतात. पण या गाडीच्या बांधणीत एक शास्त्रीय विचार होता, आणि आज लातूर-नांदेड भागातल्या रस्त्यांवर जे घडते ते समजून घ्यायला तो फार उपयोगी पडतो.

ही रेल्वे उभारणारा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. तो १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. बार्शीची बाजारपेठ मोठी होती, पण मुख्य लोहमार्ग तिला टाळून गेलेला. तिला जोडणारी गाडी काढायची तर ती स्वस्त हवी, म्हणजे रूळ हलके हवेत. कॅलथ्रॉपने वीतभर रुळाला किती वजन सोसते हा प्रश्न आधी सोडवला आणि मग गाडी आखली. त्याने ठरवले की इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. आपले गाडीवान त्याला आख म्हणतात. वजन जास्त न्यायचे असेल तर आस वाढवा, एका आसावरचा भार वाढवू नका. चार आसांची वाघीण भरून वीस टनांपर्यंत जाऊ शकते, सहा आसांचे इंजिन तीस टनांपर्यंत. रुळाला मात्र प्रत्येक वेळी पाचच टन जाणवतात. त्यामुळे मीटरमागे जेमतेम पंधरा किलो वजनाच्या रुळांवर त्याचे काम भागले. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि पुढे लातूरपर्यंत ही गाडी याच नियमावर चालली. १९५४ मध्ये सरकारने ती कंपनी विकत घेतली आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद रुळांचा झाला.

(जाता जाता: याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात गेला, त्यानंतर तो या कामाला लागला. रोल्स म्हणजे ‘रोल्स-रॉइस’मधला रोल्स.)

रुळांना मालक होता. रूळ वाकला तर नुकसान कंपनीचे, म्हणून भाराचा हिशेब कंपनीच ठेवी. रस्त्याचे तसे नव्हते. लातूर आणि नांदेड दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. माल जाई तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवर आणि नंतर बैलगाडीतून. बैलगाडीवर टनभर ओझे असले तरी ते लोखंडी धावेच्या अरुंद पट्टीतून जमिनीवर उतरे आणि एकाच ओळीत पुन्हा पुन्हा उतरे. ‘चाकोरी’ हा आपला शब्द तिथूनच आला. त्यातून ही काळी माती. पावसात ती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते आणि ओली असताना तिची भार पेलण्याची ताकद अगदीच थोडी राहते. ज्या वजनाने कोकणातल्या जांभ्यावरच्या रस्त्याला काही होत नाही, त्याने इथल्या रस्त्याला नाली पडते.

निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. मोटारी वाढल्या तसा ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि त्यात आसावरच्या भाराची नोंद करण्याची तरतूद झाली. पण भार वाढला की रस्ता नेमका किती बिघडतो, हे तेव्हा कोणालाच मोजून माहीत नव्हते.

ते मोजले गेले अमेरिकेत. इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ खास रस्त्यांची वर्तुळे बांधली गेली. १९५८ ते १९६० या काळात सैनिकांनी त्यांवर वेगवेगळ्या वजनांचे ट्रक रात्रंदिवस फिरवले. प्रत्येक वर्तुळावरून आसांच्या अकरा लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या. निष्कर्ष असा निघाला की रस्त्याची झीज भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट केला तर झीज दुप्पट किंवा चौपट नाही, सोळापट. मोटारीच्या आसावर अर्धा टन आणि ट्रकच्या आसावर आठ टन धरले, तर भार सोळापट होतो. सोळाचा चौथा घात ६५,५३६. म्हणजे एक ट्रक एकदा गेला की रस्त्याच्या दृष्टीने पासष्ट हजार मोटारी गेल्या! घातांक शिकवताना याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही. अर्थात हा नियम निरीक्षणावरून बसवलेला आहे. रस्त्याच्या प्रकारानुसार घातांक कमीजास्त होतो.

आपल्याकडे रस्त्याची जाडी ठरवताना ८.१६ टनांचा आस प्रमाण मानतात. कायद्याने चालणारा भार मात्र पुढे १०.२ टन झाला आणि जुलै २०१८ मध्ये ११.५ टन. दोन आसांच्या ट्रकचे भरलेले वजन त्यावेळी १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेण्यात आले. ११.५ ला ८.१६ ने भागून चौथा घात काढला की जवळजवळ चार येतात. वाहतूकदार असेही जादा भरतातच, मग मर्यादाच वाढवू, असा विचार यामागे असावा असे वाटते. ट्रक पूर्वीपेक्षा मजबूत झाले हे खरे, पण लोहा-कंधारकडच्या काळ्या मातीवरचा जुना रस्ता त्या अधिसूचनेने मजबूत झालेला नाही.

जादा भाराबद्दल १९८८ च्या कायद्यात दंड आहे, आणि जादा माल उतरवून घेण्याचा अधिकारही आहे. प्रत्यक्षात दंड भरायचा आणि तेच वजन घेऊन पुढे जायचे, अशी पद्धत अनेक राज्यांत रूढ झाली. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही असे सांगितले. दंड भरल्याने ट्रक हलका होत नाही, ही गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा आहे.

आता उसाकडे येऊ. निजामाच्या काळात या भागाला जवळचा मोठा कारखाना म्हणजे नांदेडच्या सीमेपलीकडचा बोधनचा. पुढे सहकारी कारखाने आले. लातूरचा मांजरा कारखाना १९८० च्या दशकातला, नांदेडकडे भाऊराव चव्हाण कारखाना. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की उन्हाळा लागेपर्यंत रस्त्यावर ट्रक, टायरच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांची रीघ असते. ऊस ही जड वस्तू वाटते, पण रचलेल्या उसात मोळ्यांमध्ये हवाच पुष्कळ असते. एका घनमीटरात साधारण साडेतीनशे ते चारशे किलोच ऊस बसतो. आठ टन न्यायचे तर वीस-बावीस घनमीटर जागा हवी. ट्रॉलीचा तळ समजा आठ चौरस मीटरचा, म्हणजे रचाई अडीच मीटरांवर जाते, शिवाय दोन्ही बाजूंना वाढे बाहेर येतात. तळच जमिनीपासून मीटरभर उंच असतो. म्हणजे ओझ्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सव्वादोन मीटरांवर आणि दोन चाकांतले अंतर दीड-पावणेदोन मीटर. असे ओझे वीस अंश कलण्याआधीच पालथे होते. डांबराची कड तुटली असेल आणि एक चाक खाली मऊ मातीत उतरले, तर तेवढा कल यायला वेळ लागत नाही. आगपेटीला काड्यांचे ओझे बांधून, फळी हळूहळू उचलत हा प्रयोग वर्गात करता येतो.

थांबण्याचा हिशेब याहून वाईट आहे. शेतीच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक क्वचितच असतात. अडीच टनांचा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटर वेगाने एकटाच जात असेल, तर कोरड्या रस्त्यावर तो सुमारे चार मीटरांत थांबतो. त्याच्यामागे वीस टनांच्या दोन ट्रॉल्या लावल्या की थांबवणारे घर्षण तेवढेच राहते, वस्तुमान मात्र नऊपट होते. अंतरही नऊपट, म्हणजे ३६-३७ मीटर. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात हे इथे सोडून दिले आहे, म्हणजे हा आकडाही ट्रॅक्टरच्या बाजूनेच झुकता धरलेला आहे. उतारावर ट्रॉल्या मागून ढकलतात ते वेगळेच.

ट्रकला ब्रेक असतात, पण गतिज ऊर्जा जाते ती उष्णतेच्या रूपात, त्या ब्रेकमध्येच. १८.५ टनांचा ट्रक ताशी ६० वरून थांबवताना जी उष्णता निर्माण होते तिने सुमारे साडेसात लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. तोच ट्रक २४ टनांचा असेल तर दहा लिटर. आधीच तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते, त्यामुळे दुसऱ्यांदा ब्रेक लावावा लागला तर काय होते ते चालकालाच कळते.

खरा धोका रात्रीचा. ऊस काळपट, ट्रॉलीला मागचा दिवा नाही, पाट्यावर चिखल. मागून येणारी मोटार ताशी ८० ने, म्हणजे सेकंदाला २२ मीटर वेगाने येते. खालच्या दिव्यात काळी वस्तू चाळीस-पन्नास मीटरांवर दिसू लागते. ती पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरले तर ४४ मीटर संपले, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी ३५ मीटर हवेत. ट्रॉली पंक्चर होऊन उभी असेल तर हे गणित सुटतच नाही. चांगला रस्ता इथे उलटा पडतो. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी झाल्यावर मोटारींचा वेग वाढला, ट्रॉलीचा वेग तोच राहिला.

यावर उपाय आहे आणि तो काही रुपयांचा आहे. परावर्तक पट्टीत सूक्ष्म काचमणी किंवा एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन-तीन पृष्ठभागांचे कोपरे असतात. प्रकाश कोणत्याही दिशेने येवो, तो आला तिकडेच परत जातो. त्यामुळे मोटारीच्या दिव्याचा प्रकाश चालकाच्याच डोळ्यांकडे परततो आणि दोनशे मीटरांवरूनही पट्टी चमकते. दोन आरसे काटकोनात धरून त्यांवर बॅटरीचा झोत टाकला की मुलांना याचे तत्त्व लगेच कळते. पण पट्टी फळ्यावर लावतात आणि ऊस तिच्यावर लोंबतो! उसाच्या वरून मागे टाकायचे परावर्तक कापड हा त्याहून बरा मार्ग.

आतल्या रस्त्यांवर प्रश्न रुंदीचा. वाहनाची रुंदी कायद्याने २.६ मीटरपर्यंत. मध्यम प्रकारचा रस्ता साडेपाच मीटरांचा. अशी दोन वाहने समोरासमोर आली की सगळी मिळून उरते ३० सेंटिमीटर जागा, तीही ऊस बाहेर आला नसेल तर. मग कोणाला तरी खाली उतरावे लागते, आणि उतरतो तो दुचाकीवाला किंवा पायी जाणारा. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला लोहा तालुक्यात माणसे आणि जनावरे याच महामार्गाने येतात आणि तेव्हाच गाळप जोरात असते. टकरीत वेगातला बदल वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. वीस टनांचे वाहन आणि दोनशे किलोची चालकासह दुचाकी यांची टक्कर झाली, तर दुचाकीच्या वाट्याला शंभरपट बदल येतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती.

हे सगळे वजन कोणाला माहीत नसते अशातला भाग नाही. साखर कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक वाहन भरलेले आणि रिकामे असे दोनदा तोलले जाते, कारण शेतकऱ्याचे आणि वाहतूकदाराचे पैसे त्यावरच ठरतात. रस्त्यावर जे मोजायला वजनकाटा सापडत नाही, ते कारखान्याच्या दारात किलोपर्यंत लिहिलेले असते. फक्त ते प्रवास संपल्यावर लिहिले जाते, आणि वाहतुकीचे दर टनावर असल्याने पुढची खेप आणखी भरण्याचेच ते कारण ठरते. कॅलथ्रॉपच्या वाघिणीत हा हिशेब माल चढण्याआधीच झालेला असे.

उसाची पावती आपल्या वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी असते. ती आणायला सांगावी. समजा दोन आसांच्या ट्रकचे भरलेले वजन २४ टन निघाले. पुढच्या आसावर सात टन धरले तर मागच्यावर सतरा उरतात. सतराला ८.१६ ने भागून चौथा घात काढला की सुमारे १९ येतात. मग त्या पावतीवरचे निव्वळ वजन एका खेपेऐवजी दोन खेपांत नेले असते तर दोन्ही खेपांची मिळून झीज किती झाली असती, हे मुलांनीच काढावे. रिकाम्या ट्रकचे वजन पावतीवरच असते.