इंडोनेशियाच्या खेड्यात घर आणि जमीन कशी राखली जाते?

इंडोनेशियात पोलीस ठाणं सहसा तालुक्याच्या पातळीवर असतं. त्यामुळे जावा बेटावरच्या खेड्यांत रात्रीची राखण गावकरीच करत आले आहेत. तिला 'रोंदा' म्हणतात. घराघरातले पुरुष आळीपाळीने जागतात. बसायला छोटी चौकी असते आणि तिथे 'केंतोंगान' टांगलेलं असतं, म्हणजे पोकळ लाकडाचा किंवा बांबूचा ठोकळा. चोरी, आग, पूर, प्रत्येकाचे ठोके वेगळे. ठोके थांबेचनात, तर समजायचं की मोठं संकट आहे.

काही गावांत गस्त घालणारे दारात ठेवलेले चिमूटभर तांदूळही गोळा करतात. ही 'जिंपितान'ची पद्धत. जमलेल्या तांदळाचे पैसे गावाच्या कामाला. आता बऱ्याच ठिकाणी तांदळाऐवजी नाणी ठेवतात.

या एकजुटीची दुसरी बाजूही आहे. पकडलेल्या संशयिताला जमावाने बेदम मारल्याच्या बातम्या तिथे येत राहतात. कायद्याने तो गुन्हाच आहे.

पण घरातली वस्तू राखणं तुलनेने सोपं, खरी काळजी जमिनीची. अनेक कुटुंबांकडे 'गिरिक' असतो. हा जुना करआकारणीचा कागद, मालकीचा दाखला नव्हे. 1960 च्या जमीन कायद्यानुसार पक्का पुरावा म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. म्हणून 2017 पासून सरकार गावच्या गाव एकदम मोजून प्रमाणपत्रं देतंय. 2021 च्या नियमाने असे जुने कागद असलेल्या जमिनींच्या नोंदणीसाठी 5 वर्षांची, म्हणजे फेब्रुवारी 2026 पर्यंतची मुदत दिली. त्यानंतर गिरिक म्हणजे फक्त मोजणीवेळी दाखवायची एक खूण.